उंट आणि लांडगा: एकाच खंडातून निघालेली दोन घराणी

उंट आणि लांडगा शेजारी ठेवले की फरकच आधी डोळ्यांत भरतात. उंट झाडपाला खाऊन रवंथ करणारा, लांडगा कळपाने शिकार करणारा. सांडणी तेरा महिन्यांनी एकाच पिल्लाला जन्म देते, तर लांडगीण जेमतेम नऊ आठवड्यांत चार-सहा पिल्लांना. कार्ल लिनियसने १७५८ साली दोघांनाही शास्त्रीय नावं दिली. आजच्या वर्गीकरणात उंट समखुरी गणात बसतो आणि लांडगा मांसाहारी गणात. तुलना बहुतेक वेळा इथेच आटोपते. ती इथे थांबू नये, कारण दोघांच्या कुळांचा उगम एकाच ठिकाणी, उत्तर अमेरिकेत झाला.

सुमारे ४ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उंटकुळातला सर्वांत जुना ज्ञात प्राणी राहत होता: प्रोटिलोपस, आकाराने सशाएवढा. पुढे त्याच खंडात श्वानकुळातला हेस्परोसायन दिसू लागतो, लहानखुऱ्या कोल्ह्यासारखा. पुढची कोट्यवधी वर्षं ही दोन्ही कुळं उत्तर अमेरिकेतच वाढली, फुटली, फोफावली. मग साधारण ६० ते ८० लाख वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी खाली असताना उघड्या पडलेल्या, अलास्का आणि सायबेरिया यांना जोडणाऱ्या बेरिंगच्या भूसेतूवरून दोघांच्याही शाखा आशियात उतरल्या. उंटांची आणखी एक शाखा पुढे दक्षिण अमेरिकेत गेली. लामा, अल्पाका, ग्वानाको आणि विकुना हे तिचेच वंशज.

उंट घडला तो फक्त वाळवंटात, हा समज २०१३ साली चांगलाच हलला. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समेर बेटावर जीवाश्मशास्त्रज्ञ नतालिया रिबझिन्स्की यांच्या पथकाला नडगीच्या हाडाचे सुमारे तीस तुकडे मिळाले होते. त्यांत टिकून राहिलेल्या कोलॅजेन प्रथिनावरून ते हाड उंटाचं असल्याचं ठरलं. वय सुमारे ३५ लाख वर्षं, आकार आजच्या उंटापेक्षा जवळपास ३० टक्के मोठा. तेव्हा त्या बेटावर जंगल होतं, पण हिवाळ्यात कित्येक महिने अंधार आणि बर्फ. मदारीतला चरबीचा साठा आणि पसरट तळवे तिथेही उपयोगी पडले असतील, असा अंदाज या संशोधकांनी मांडला. मला तो पटतो: चारा नसलेला लांबलचक हिवाळा आणि चारा नसलेलं वाळवंट, दोन्हीकडे अडचण तीच.

पुढे दोन्ही कुळांचं नशीब वेगळं झालं. आजचा करडा लांडगा युरेशियात घडला आणि बर्फयुगात त्याच वाटेने पूर्वजांच्या खंडात परतला. उंट मात्र उत्तर अमेरिकेतून सुमारे ११ ते १३ हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. बदलतं हवामान कारणीभूत की माणसाची शिकार, यावर वाद अजून संपलेला नाही.

माणसाशी नातं जोडण्यातही लांडगा फार पुढे होता. किमान १४-१५ हजार वर्षांपूर्वी त्याचा कुत्रा झाला होता. एकमदारी उंट अरबस्तानात पाळीव झाला तो जेमतेम तीन हजार वर्षांपूर्वी. लांडगा मात्र रानातही टिकला. एकमदारी उंटाचे मूळ रानटी कळप आज कुठेच उरलेले नाहीत. ऑस्ट्रेलियात मोकाट फिरणारे उंट पाळीव उंटांचेच वंशज आहेत.

खरा रानटी उंट आता एकच, चीन आणि मंगोलियातल्या गोबी वाळवंटातला दोन मदारींचा. त्याची संख्या हजाराच्या आसपासच असावी. त्याला माणसाखेरीज मोठा शत्रू म्हणजे लांडगा. पाणवठे आटत गेले की उंटांना उरलेल्या मोजक्या झऱ्यांवर गोळा व्हावं लागतं आणि शिकार लांडग्यांच्या आयती हाती येते. म्हणून गोबीतले पाणवठे राखणं हा या उंटाच्या संरक्षणाचा कळीचा भाग आहे.