महिंद्रा युनायटेड : बंद पडलेल्या एका क्लबची पार्श्वभूमी

मुंबईत फुटबॉलचा विषय निघाला आणि बोलणारा चाळिशी ओलांडलेला असला, की महिंद्रा कंपनीच्या, २०१० मध्ये बंद झालेल्या महिंद्रा युनायटेडचं नाव येतंच. त्यामागून येणारं वाक्यही ठरलेलं : ‘प्रेक्षकच नव्हते, मग कंपनी किती दिवस पोसणार?’ मी या संघाचा जुना समर्थक. तेव्हा माझ्याकडून फार तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण हे वाक्य गेली पंधराएक वर्षं इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यामागचा इतिहास एकदा नीट मांडलेला बरा.

फार मागे जायचं कारण नाही. मुंबईत भरणारा रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, गोऱ्या पलटणींनी तो बराच काळ आपसांत वाटून घेतला, १९३७ मध्ये बंगळूरच्या संघाने पहिल्यांदा त्यांच्याकडून काढून घेतला आणि पुढे पन्नासच्या दशकात हैदराबादच्या पोलिसांनी सलग पाच वर्षं तो आपल्याकडे ठेवला. ही सगळी कहाणी दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावर घडली आणि तिच्यात मुंबईचे संघ बहुतेक वेळा यजमानाच्याच भूमिकेत होते. पाहुणे जिंकून जायचे, आपण टाळ्या वाजवायच्या. माझ्या वडिलांच्या पिढीला याचं काही वाटत नसे. त्यांना चांगला खेळ बघायला मिळाला की पुरे.

मुंबईचा स्वतःचा फुटबॉल उभा राहिला तो कंपन्यांच्या जिवावर. टाटा, कालटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, दोन्ही रेल्वे, एअर इंडिया, बँका. पोरगं चांगलं खेळतं असं दिसलं की त्याला नोकरी. सकाळी सराव, मग हजेरी लावायची, दुपारी मॅच असली तर हाफ डे. पगार कारखान्याचा, बढती कारखान्याची आणि गुडघा गेला तर उरलेली वर्षं स्टोअरमध्ये किंवा टाइम ऑफिसात. गोव्यातून, केरळमधून आलेली कितीतरी पोरं या पद्धतीमुळे मुंबईत स्थिरावली, त्यांची लग्नं झाली, घरं झाली. आज या व्यवस्थेला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की करार संपला म्हणून खेळाडू रस्त्यावर आला असं तेव्हा होत नसे. दुसरी बाजूही होतीच. गिरणीला घरघर लागली की संघ आधी जायचा. ओर्के गेली तशी बाकीचीही एकेक करून गेली.

महिंद्राचा संघ याच रांगेतला, १९६२ साली सुरू झालेला. पहिली तीसेक वर्षं स्थानिक लीग आणि अधूनमधून बाहेरच्या स्पर्धा, एवढ्यावरच त्याचं चाललं होतं. नव्वदच्या दशकात मात्र कोणीतरी मनावर घेतलं. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली होती, पगार वाढले होते, परदेशी खेळाडू येऊ लागले होते. १९९८ मध्ये संघाने ड्युरँड कप ही देशातली जुनी स्पर्धा जिंकली. २००० मध्ये नाव बदलून ‘महिंद्रा युनायटेड’ केलं. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड. त्याच सुमाराला रोव्हर्स कप मात्र कायमचा बंद पडला. ज्या स्पर्धेमुळे कूपरेज हे नाव देशभर गेलं, ती संपली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. मुंबईला फुटबॉलमधलं काही गेल्याचं दुःख उशिरा होतं, कधीकधी होतच नाही.

आमचा काळ म्हणजे २००३ ते २००८. २००३ चा फेडरेशन कप, म्हणजे देशातल्या क्लबांचा करंडक, एका इंग्लिश प्रशिक्षकाच्या हाताखाली आला. मग गोव्याचे प्रशिक्षक आले आणि २००५-०६ च्या हंगामात फेडरेशन कप आणि राष्ट्रीय लीग दोन्ही घरात. कोलकात्याचं ईस्ट बंगाल दुसऱ्या क्रमांकावर. त्याआधीच्या नऊ हंगामांत ही लीग कोलकाता, गोवा आणि पंजाब सोडून बाहेर गेली नव्हती. महाराष्ट्रातल्या संघाने ती तेव्हा पहिल्यांदा जिंकली. २००७ मध्ये तिचं आय-लीग झालं, पण तेव्हापासून आजवर आपल्या दुसऱ्या कुठल्या संघाला ती जिंकता आलेली नाही. २००६ मध्ये आणि २००८ मध्ये आयएफए शील्ड, तीही कोलकात्यात जाऊन. २००७ मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी कपची उपांत्यपूर्व फेरी. २००८ मध्ये तिसरा ड्युरँड.

तो संघ कसा खेळायचा हे कोणी विचारलं, तर आधी मधली फळी आठवते. चेंडू पायाखाली ठेवायचा, घाई करायची नाही, आणि पुढे घानाचा तो स्ट्रायकर बचावपटूला पाठीवर घेऊन उभा. त्याच्याकडे पास गेला की कूपरेजच्या लाकडी बाकांवरची माणसं आपोआप अर्धवट उठायची. मैदान एवढं लहान आणि बाकं टचलाइनच्या इतकी जवळ, की गोलकीपर बचावफळीला कोकणीतून काय सुनावतोय ते शब्द न शब्द कळायचं. एकदा कॉर्नर घ्यायला आलेल्या आमच्या विंगरला मागून कोणीतरी ‘अरे, दुसऱ्या पोस्टला टाक’ म्हणून ओरडलं. त्याने मागे वळून पाहिलं, मान हलवली आणि पहिल्याच पोस्टला टाकला. गोल झाला नाही, आणि तो परत जाताना त्याला पुढची पाच मिनिटं जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता प्रेक्षकांचा मुद्दा. हा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आलं, की कूपरेजवर आम्हीच पाहुणे. झवेरी बाजारातले बंगाली कारागीर दुकानं सोडून झेंडे घेऊन यायचे आणि आमच्या घरच्या मैदानावर आमचा आवाज त्यांच्यात बुडून जायचा. एरवी सामना असायचा आठवड्याच्या मधल्या वारी, भर दुपारी. मैदानाला तेव्हा फ्लडलाइट नव्हते, त्यामुळे संध्याकाळी खेळवण्याचा प्रश्नच नव्हता. विरार-कल्याणहून नोकरदार माणूस दुपारी साडेतीनला चर्चगेटच्या पुढे पोचणार कसा, हे कोणी सांगावं. मंत्रालयातले काही जण जेवणाची सुट्टी ताणून यायचे, कॉलेजातली पोरं यायची, निवृत्त मंडळी छत्री घेऊन यायची. वर्तमानपत्रांत सामना कधी आहे हे सापडायला खेळाच्या पानाचा तळ बघावा लागे. इतकं असूनही पंधराशे-दोन हजार माणूस जमला, की मला त्याचं कौतुक वाटायचं.

आणि मुळात गेटवरच्या पैशांवर मुंबईतला कंपनीचा संघ चालला कधी? १९६२ मध्ये नाही, १९८५ मध्ये नाही, लीग जिंकली त्या वर्षीही नाही. जे उत्पन्न संघाला कधीच नव्हतं ते आटलं म्हणून संघ बंद झाला, हे म्हणणं हिशेबात बसत नाही.

२०१० मध्ये काय जाहीर झालं ते शब्दांकडे लक्ष देऊन बघायला हवं. हंगाम संपल्यावर व्यावसायिक संघ विसर्जित करणार आणि कंपनी यापुढे शालेय, तळागाळातल्या फुटबॉलकडे वळणार. म्हणजे कारण म्हणून प्रेक्षकांचं नाव प्रामुख्याने घेतलं गेलं नव्हतं. पैसे नाहीत असंही कोणी म्हटलं नव्हतं. मांडणी अशी, की वरच्या स्तरावर एक संघ चालवण्यापेक्षा खाली हजारो मुलांपर्यंत पोचणं देशाच्या फुटबॉलला जास्त उपयोगाचं. पुढच्या वर्षी एका स्कॉटिश क्लबला बरोबर घेऊन आंतरशालेय स्पर्धा झालीही. त्यामुळे दिलेला शब्द मोडला असा आरोप करता येत नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. शाळेतली मुलं आणि मोठा संघ यांतलं एकच निवडायचं, ही अट घातली कोणी? बारा वर्षांच्या पोराला फुटबॉल खेळत राहावासा वाटतो तो वर कोणीतरी खेळताना दिसतं म्हणून. परळचा, माहीमचा, वांद्र्याचा पोरगा मुंबईच्या संघातून राष्ट्रीय लीग खेळू शकतो, हे त्याला कूपरेजवर दिसत होतं. वरचं टोक कापून खालचं वाढवायचं हा हिशेब कागदावर सुंदर दिसतो. शालेय स्पर्धेतून निघालेला मुलगा सतराव्या वर्षी जाणार कुठे, याचं उत्तर त्या कागदावर नव्हतं.

दुसरा युक्तिवाद करणारेही भेटतात. आशियाई पातळीवरून परवान्याच्या अटी येत होत्या, क्लब ही स्वतंत्र कंपनी असली पाहिजे, एखाद्या कारखान्याचा क्रीडा विभाग चालणार नाही, तेव्हा बंद करण्याशिवाय इलाज नव्हता, असं ते म्हणतात. त्या निकषांवर आय-लीगमधून संघ प्रत्यक्ष बाहेर पडले ते २०१३ मध्ये, एअर इंडिया आणि ओएनजीसी. सरकारी संस्थांना वेगळी कंपनी काढणं अवघड होतं हे समजू शकतं. खासगी उद्योगसमूहाला, ज्याच्याकडे डझनांनी उपकंपन्या असतात, आणखी एक नोंदवणं अवघड होतं हे पटवून घ्यायला मला फार प्रयत्न करावा लागतो.

खरं कारण माझ्या मते असं, की हा निर्णय घेताना कोणालाच विचारावं लागणार नव्हतं. कोलकात्यातल्या मोठ्या क्लबांना सभासद आहेत, निवडणुका आहेत, आणि त्या निवडणुकांत होणारी भांडणं बघून हसू येत असलं तरी ती भांडायला माणसं आहेत. तिथे प्रायोजक आले आणि गेले, क्लबच्या नावापुढे दारूचे ब्रँड लागले आणि निघाले, क्लब राहिला. आमच्याकडे सभासद वही नव्हती. संघ कंपनीने दिला होता, कंपनीने परत घेतला. ज्याची वस्तू त्याने उचलून नेली, तेव्हा भांडायचं कोणत्या हक्काने? आम्ही काही जणांनी पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही आता वाटत नाही, कारण आम्ही त्यांचे कोणी लागत नव्हतो. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या फगवाड्याच्या जेसीटीनेही संघ बंद केला. टीव्हीवर खेळ दिसतच नाही, मग चालवायचा कशाला, असा त्यांचा सूर होता. वर्षभरात राष्ट्रीय लीगचे दोन विजेते नकाशावरून गेले आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने निवेदनापलीकडे काही केल्याचं आठवत नाही.

महासंघाचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. डिसेंबर २०१० मध्ये त्याने व्यापारी हक्कांचा पंधरा वर्षांचा करार केला, ७०० कोटींचा. आय-लीगमधल्या क्लबांना त्यातून काय मिळणार, हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहिला. २०१४ मध्ये त्या कराराच्या पोटी इंडियन सुपर लीग जन्माला आली आणि मग पैसा, दिवे, टीव्ही, नटनट्या सगळंच आलं. जे पाच वर्षं आधी आलं असतं तर, असं म्हणण्यात अर्थ नाही, पण मनात येतं.

त्यानंतरची महाराष्ट्राची यादी कोणीही काढून बघावी. मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला, कूपरेजचं काम चालू असताना घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळला, २०१७ मध्ये खालच्या स्तरावर ढकलला गेला आणि बंद. पुणे एफसी, ज्याने आमचे गोव्याचे प्रशिक्षक २००९ मध्ये नेले आणि पहिल्याच हंगामात वरची जागा पटकावली, २०१५ नंतर नाही. भारत एफसी एका हंगामात आटोपला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला आणि त्या जागी हैदराबादचा संघ आला. यातले बहुतेक रीतसर नोंदलेले क्लब होते, कारखान्याचे विभाग नव्हते. परवान्याचा युक्तिवाद करणाऱ्यांनी यावर जरा बोलावं.

टिकला तो सुपर लीगमधला मुंबई सिटी. नेरूळहून अंधेरीला आला, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी बहुसंख्य हिस्सा घेतला, २०२०-२१ मध्ये साखळीतलं पहिलं स्थान आणि विजेतेपद दोन्ही मिळवलं, २०२४ मध्ये पुन्हा जिंकला. मी अंधेरीला जातो. खेळ उत्तम असतो, दिवे असतात, घरी परतायला मेट्रो आहे. पोरं ढोल घेऊन नव्वद मिनिटं गातात, जे आम्हाला कधी जमलं नाही. आमच्यातले काही जुने लोक ‘हा आपला संघ नाही’ म्हणून येत नाहीत. मला तो हट्ट कळत नाही. मुंबईत आपला म्हणावा असा संघ चालून घरी येत नसतो, जाऊन बसावं लागतं.

पंधरा वर्षांचा तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. पुढचं काहीच ठरलं नसल्याने २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही, आणि मधल्या काळात काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. त्या महिन्यांत अंधेरीच्या ढोलवाल्या पोरांपैकी दोघांशी बोलणं झालं. क्लब राहील का, हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना सांगितलं, की संघ चालू आहे तोवर लेखी मागणी करा : समर्थकांची नोंदणी, आणि संचालकांच्या बैठकीत बसणारा तुमचा एक माणूस. ते म्हणाले, असं इथे कोण देतं? नाही देणार कदाचित. आम्ही २००६ मध्ये, हातात करंडक असताना, मागितलंच नव्हतं.