लहान गावाचं एफएम स्टेशन मोठ्या शहराजवळ आणायचंय? एफसीसीकडे अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी लोकांकडून हा प्रश्न सारखा येतो. शहरातलं स्टेशन परवडत नाही, मग तास-दीड तासावरच्या गावातलं छोटं एफएम स्टेशन घेऊ, टॉवर शहराच्या बाजूला सरकवू आणि आपल्या लोकांपर्यंत पोचू, असा बेत असतो. नियमात याला वाट आहे. पण अर्जात पानंच्या पानं शहराबद्दल असतात, तिथे आपली वस्ती किती, जाहिराती किती मिळतील वगैरे, आणि गावाबद्दल जेमतेम दोन ओळी. अशा अर्जाचं पुढे काही होत नाही. एफसीसीच्या, म्हणजे रेडिओ-टीव्हीचे परवाने देणाऱ्या अमेरिकन सरकारी आयोगाच्या लेखी ती फ्रिक्वेन्सी त्या गावाच्या नावावर आहे, तुम्ही फक्त ती चालवता. १९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम ३०७(बी) सांगतं की रेडिओसेवेची वाटणी राज्याराज्यांत, गावागावांत न्याय्य झाली पाहिजे, आणि तुमचा अर्ज त्याच मापाने मोजला जातो.

आधी पात्रता बघा, कारण आपल्या लोकांना पहिला धक्का इथेच बसतो. ग्रीन कार्डवाल्या माणसाला स्वतःच्या नावावर ब्रॉडकास्ट लायसन्स मिळत नाही. कितीही वर्षं इथे राहिलेले असा, टॅक्स भरत असा, नागरिकत्व नसेल तर कायद्यापुढे तुम्ही परदेशी. कंपनी काढली तरी लायसन्स घेणाऱ्या कंपनीत परदेशी लोकांचा थेट हिस्सा २० टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि तिच्यावर दुसरी कंपनी असेल तर तिथे २५ टक्क्यांच्या वर जायला एफसीसीची आधी परवानगी लागते. चार मित्र मिळून स्टेशन घेताय आणि त्यातले दोघं ग्रीन कार्डवर आहेत, असं असेल तर पैसे गुंतवायच्या आधी वकिलाकडे जा, प्लीज. स्टेशन विकत घ्यायलाही एफसीसीची मंजुरी लागते, तो अर्ज वेगळा.

आता स्टेशन हातात आलं असं धरू. रस्ते दोन आहेत.

पहिला सोपा. गाव तेच ठेवायचं, फक्त टॉवर हलवायचा. अट अशी की कमर्शियल स्टेशनचा ७० डीबीयूचा (डीबीयू म्हणजे सिग्नलचा जोर मोजायचं माप) दणदणीत सिग्नल लायसन्समधल्या गावावर पडलाच पाहिजे, निदान ८० टक्के गावावर तरी. क्लास ए, म्हणजे छोट्या वर्गातल्या स्टेशनची कमाल ताकद म्हणजे ६ किलोवॅट आणि १०० मीटर उंची, त्यात हा सिग्नल साधारण १६ किलोमीटर जातो आणि ६० डीबीयूचा, म्हणजे त्याहून कमजोर, साधारण २८ किलोमीटर. म्हणजे गावापासून किती लांब सरकता येईल त्याला निसर्गानेच मर्यादा घातलीय. शिवाय शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या स्टेशनांपासून ठरलेलं अंतर पाळावं लागतं आणि मोठ्या शहराजवळ ते मिळणं फार अवघड असतं. हा हिशोब इंजिनिअरकडून सगळ्यात आधी करून घ्या, तो जमत नसेल तर पुढचं वाचून काही फायदा नाही.

दुसरा रस्ता म्हणजे गावच बदलायचं, लायसन्सवर शहराजवळच्या उपनगराचं नाव घालायचं. २००७ पासून हे साध्या बदलाच्या अर्जात होतं, त्यामुळे लोकांना वाटतं फॉर्म भरला की झालं. फॉर्म खरंच साधा आहे, एफआरएन हा एफसीसीचा नोंदणी नंबर काढायचा, एलएमएस या त्यांच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये फॉर्म २१०० चं शेड्यूल ३०१ भरायचं, फी भरायची. अडतं ते सोबतच्या निवेदनावर.

त्यात पहिला प्रश्न, जुन्या गावात मागे काय उरतं? गावातलं ते एकुलतं एक स्टेशन असेल तर ते उचलायला जवळजवळ बंदीच आहे. त्या जागी दुसरं स्टेशन येईल असं नुसतं लिहून चालत नाही, कागदावर रिकामी पडलेली फ्रिक्वेन्सी किंवा अजून न बांधलेलं स्टेशन हे सेवा म्हणून धरत नाहीत, प्रत्यक्ष वाजणारं स्टेशन पाहिजे. आणि तुम्ही गेल्यामुळे जुन्या भागातल्या लोकांना ऐकायला किती स्टेशनं उरतात तेही मोजून द्यावं लागतं. तुमच्या सध्याच्या क्षेत्रातल्या १५ टक्क्यांहून जास्त लोकांचं तिसरं, चौथं किंवा पाचवं स्टेशन जात असेल, म्हणजे ऐकायला पाचापेक्षा कमी स्टेशनं उरत असतील, तर अर्ज मंजूर होणं कठीण समजा.

दुसरा प्रश्न, नवीन उपनगर हे खरंच वेगळं गाव आहे का? इथे सगळ्यात जास्त अर्ज गळतात. २०११ मध्ये एफसीसीने नियम केला की तुमचा ७० डीबीयूचा सिग्नल शहरी पट्ट्याच्या (मोठं शहर आणि त्याला लागून असलेली दाट वस्ती) ५० टक्के किंवा जास्त भागावर पडत असेल तर तुम्ही त्या उपनगराची नाही, अख्ख्या शहराची सेवा करताय असं गृहीत धरायचं. मग ‘या गावाला पहिलं स्वतःचं स्टेशन मिळतंय’ हा तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा गेला. काही जण हुशारी करून ४९ टक्के दाखवतात. ती चालत नाही, कारण परिसरात आधीच उभ्या असलेल्या एखाद्या टॉवरवर अँटेना नेऊन पुढे ५० टक्के गाठता येत असतील तर तेही धरलं जातं.

हे गृहीतक खोडायचं तर गावाचं वेगळेपण सिद्ध करायचं आणि पुरावे कडक लागतात. एफसीसीच्या १९८८ च्या ‘टक’ (Tuck) नावाच्या निर्णयातले आठ मुद्दे अजून वापरात आहेत. लोक कामाला शहरात जातात की गावातच काम करतात, गावाचं स्वतःचं वर्तमानपत्र आहे का, निवडून आलेलं स्थानिक सरकार आहे का, पोलीस, अग्निशमन, शाळा, लायब्ररी स्वतःची की शहरावर अवलंबून, दुकानं, दवाखाने, जाहिरातीची बाजारपेठ वेगळी का, गावातले लोक स्वतःला वेगळे समजतात का. आणि, स्वतःचं टेलिफोन बुक किंवा झिप कोड आहे का! आज कुठल्या उपनगराचं वेगळं टेलिफोन बुक निघतं? स्थानिक पेपरही किती ठिकाणी बंद पडलेत. जे कागद जगातूनच गेले ते मागत राहायचं आणि नसले की अर्जदार कमी पडला म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण यादी बदलेपर्यंत उपाय हाच की बाकीच्या मुद्द्यांवर भक्कम कागद लावायचे. महापौर किंवा कौन्सिलचं पत्र, गावाचं बजेट, शाळा मंडळाचे कागद, जनगणनेतले कामावर जाण्यायेण्याचे आकडे. ‘गाव सुंदर आणि वाढतं आहे’ अशा वाक्यांना शून्य किंमत आहे. आणि नुसतं वेगळेपण दाखवूनही भागत नाही, त्या गावाला स्वतःच्या स्टेशनची गरज काय आणि तुमचं स्टेशन ती कशी भागवणार हेही लिहावं लागतं, म्हणजे कुठल्या सभा, कुठल्या शाळा, कुठल्या बातम्या.

२०१७ ला एफसीसीने गावात मुख्य स्टुडिओ ठेवायची सक्ती काढली. त्याचा अर्थ गावाशी संबंध संपला असा लावू नका. वरची सगळी परीक्षा तशीच आहे.

टॉवरची जागा हा आणखी एक खड्डा. अर्ज भरताना जागा मिळेल याची रास्त खात्री तुमच्याकडे असावी लागते. पक्का करार नसला तरी चालतो, पण मालकाने हो म्हटलेलं पाहिजे, आणि ते ईमेलवर तरी लिहून घ्या. नकाशावर टॉवर बघून आकडे टाकणारे लोक आहेत आणि मग कोणी हरकत घेतली की त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसतं. टॉवर २०० फुटांच्या वर किंवा विमानतळाजवळ असेल तर एफएए या विमान वाहतूक खात्याची तपासणी आणि एफसीसीकडे टॉवर नोंदणी आलीच.

गाव बदलायच्या अर्जाला सार्वजनिक सूचना द्यावी लागते. साध्या टॉवर बदलाला ती लागत नाही म्हणून हमखास विसरली जाते. एफसीसी स्वतः फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात सूचना छापते आणि त्यानंतर किमान ६० दिवस निर्णय देत नाही. हे ६० दिवस अर्ज भरल्यापासून नाही, छापून आल्यापासून मोजायचे. ६१ व्या दिवशी परवाना येईल असंही धरू नका.

हा परवाना बांधकामाचा असतो, तो आला की ३ वर्षांत बांधकाम पूर्ण करायचं. इथे लोक हमखास चुकीचं वाचतात. ३ वर्षांत बांधून होणं पुरत नाही, त्याच मुदतीत शेड्यूल ३०२ चा लायसन्सचा अर्जही पोचलेला पाहिजे, नाहीतर परवाना आपोआप रद्द, एफसीसी पत्रसुद्धा पाठवत नाही. पैसे कमी पडले, स्थानिक झोनिंग (जागेच्या वापराची गावाची परवानगी) अडलं, यासाठी मुदत थांबत नाही. नैसर्गिक आपत्ती किंवा परवान्याविरुद्ध चालू असलेलं अपील अशा मोजक्या कारणांसाठी थांबते, आणि तेही ३० दिवसांत कळवलं तर. म्हणून झोनिंगची विचारणा परवान्याची वाट न बघता अर्ज भरायच्या आधीच सुरू करा.