फ्युकोइडान

तपकिरी समुद्री शेवाळाच्या पेशीभित्तिकेत सापडणारी सल्फेटवाली पॉलिसॅकराइड्स (साखरांच्या लांब साखळ्या). केल्प (मोठ्या पानांची समुद्री शेवाळं), फ्युकस, आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर दिसणारं सरगॅसम, सगळ्यांत असतात. हा एकच रेणू नाही, अख्खं खानदान आहे. मुख्य साखर एल-फ्युकोज (सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन गेलेलं एल-गॅलॅक्टोज), तिच्यावर सल्फेट एस्टर, आणि जोडीला गॅलॅक्टोज, झायलोज, मॅनोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल, शेवाळाप्रमाणे कमीजास्त. अल्जिनेटही (तीही साखरांची साखळीच) याच शेवाळात असतं, पण त्यावर सल्फेट नसतो.

१९१३ साली स्वीडनच्या किलिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. खरा घोळ पुढे आहे. १९५० मध्ये काँची आणि पर्सिव्हल यांनी फ्युकस व्हेसिक्युलोससच्या नमुन्यावरून मांडलं की साखळी १→२ जोडाची (एका साखरेचा पहिला कार्बन पुढच्या साखरेच्या दुसऱ्या कार्बनला जोडलेला) आणि सल्फेट चौथ्या कार्बनवर, आणि हेच बरीच वर्षं चालत राहिलं. अडचण अशी की मिथायलेशनमध्ये (मोकळ्या जागांवर मिथिल गट बसवून जोड शोधायची पद्धत) जो कार्बन मिथिल घेत नाही तिथे जोड आहे की सल्फेट, हे नुसतं बघून कळत नाही, दोघांची खूण सारखीच, म्हणून सल्फेट काढायच्या आधी आणि नंतर असं दोनदा करून ताडून बघावं लागतं. १९९३ मध्ये पाटणकर आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या बाजारी नमुन्यात कणा (मुख्य साखळी) १→३ चा असल्याचं दाखवलं, सल्फेट मात्र चौथ्यावरच ठेवला. मग शेव्हलो वगैरेंच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना तपासायची पद्धत) कामातून (साधारण १९९९ ते २००१) फ्युकस आणि ॲस्कोफायलम या तपकिरी शेवाळांमध्ये १→३ आणि १→४ आलटून पालटून, सल्फेट बहुतेक दुसऱ्या कार्बनवर, कुठे तिसऱ्यावरही, असं चित्र पुढे आलं.

सध्या हेच जास्त पटण्यासारखं वाटतं, पण फक्त फ्युकेलीज गणातल्या फ्युकस आणि ॲस्कोफायलमपुरतं. केल्पच्या गणात कणा बहुधा सरळ १→३ चा, सल्फेट चौथ्यावर आणि दुसऱ्यावर. जपानमधल्या ओकिनावाच्या मोझुकू या खायच्या शेवाळातही १→३ च, पण त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाच्या फांद्या. सरगॅसममध्ये साखरांची एवढी सरमिसळ असते की एकच सूत्र लिहिणं धाडसाचं.

काढणीही रचना बिघडवते, हे विसरून चालत नाही. गरम आम्लात साखळी तुटते, फांद्या आणि सल्फेट गळतात, अल्कलीत ॲसिटिल गट जातात. रक्त न गोठू देणं वगैरे गुणांबद्दल लिहिलेलं भरपूर आहे, पण कोणत्या जातीचा आणि कसा काढलेला नमुना हे दिलं नसेल तर त्यातून रचनेबद्दल फारसं हाती लागत नाही.