मागच्या पायाची भानगड: सॉफ्टबॉलमधला इल्लीगल पिच

फास्टपिच सॉफ्टबॉलच्या (बेसबॉलसारखाच खेळ, पण बॉल खालून हात फिरवून जोरात टाकायचा) मॅचमध्ये आरडाओरडा बऱ्याचदा कशावरून होतो माहितीये? पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, मागच्या पायावरून. तो पाय चुकला की पिच, म्हणजे टाकलेला बॉल, इल्लीगल ठरतो. सगळे बॉलकडे बघत असतात, आणि समोरच्या टीमचा कोच मात्र जमिनीकडे बोट दाखवून ओरडत असतो की अहो अंपायर, ती उडी मारतेय, दिसत नाही का तुम्हाला! आणि खरं सांगायचं तर अंपायरला बऱ्याचदा खरंच दिसत नाही, त्यात त्याचा दोष फार थोडा आहे.

आधी मैदान समजून घेऊ. बायकांच्या फास्टपिचमध्ये पिचिंग प्लेट, म्हणजे ती जमिनीत पुरलेली ६१ सेंटीमीटर रुंद रबरी पट्टी, होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभी राहते ती जागा) ४३ फुटांवर असते, पुरुषांची ४६ फुटांवर. बेसबॉलमध्ये हेच अंतर साडेसाठ फूट आहे. त्यात पिचर बॉल सोडते तेव्हा ती पट्टीवर उभी नसतेच, लांब ढांग टाकून ती जवळजवळ ६ फूट पुढे आलेली असते, म्हणजे बॉलला कापायचं अंतर उरतं साधारण ३७ फूट, ११ मीटरच्या थोडं वर. वेग ताशी १०५ किलोमीटर धरला (चांगल्या पिचर एवढा सहज काढतात, आणि मोनिका अॅबटने २०१२ साली ताशी ७७ मैल म्हणजे जवळपास १२४ किलोमीटर टाकला होता) तर बॅटरला मिळतात ०.३९ सेकंद. बेसबॉलच्या अंतरावरून बॅटरला एवढाच वेळ द्यायचा तर ताशी दीडशे किलोमीटरच्या वर टाकावा लागेल.

आता एवढा वेग खालून टाकून येतो कुठून? हात गोल फिरतो ते सगळ्यांना दिसतं, त्याला विंडमिल म्हणतात, आणि वरून खाली येऊन बॉल सुटेपर्यंतचा भाग साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतो. बॉलचं वजन १९० ग्रॅमच्या आसपास, पण त्या वेगात त्याला गोल वळवत ठेवायला हाताला लावावा लागणारा जोर वीसेक किलो वजन धरून ठेवल्याइतका होतो, आणि खांद्यावर येणारा ताण तर शरीराच्या वजनाच्या जवळपास जातो. म्हणजे खालून टाकतात म्हणून खांद्याला त्रास नाही हा समज सोडून द्या. पण या सगळ्याची सुरुवात हातात नसते, पायात असते. मागचा पाय पट्टीला रेटा देतो, अंग पुढे झेपावतं, मग पुढचा पाय जमिनीत रोवला जातो आणि अंगाला जोरात ब्रेक लागतो, आणि तो थांबवलेला वेग कंबर, धड, खांदा असं करत हातात चढतो. चाबकाची मूठ थांबवली की टोक सुटतं तसंच.

म्हणून नियमवाल्यांचं सगळं लक्ष त्या मागच्या पायावर. पट्टीवरून एकदाच रेटा द्यायचा, मग तो पाय जमिनीला घासत पुढे आणायचा, असा जुना नियम. यात दोन गुन्हे होते आणि लोक ते कायम एकमेकांत मिसळतात. पहिला लीप: रेटा दिल्यावर दोन्ही पाय एका क्षणी हवेत. दुसरा क्रो हॉप: मागचा पाय पट्टीवरून उचलून पुढे कुठेतरी पुन्हा रोवायचा आणि तिथून नवीन रेटा द्यायचा. बघायला दोन्ही उडीच वाटतात, फिजिक्सच्या नजरेतून मात्र त्यांचा एकमेकांशी फार संबंध नाही.

का ते बघा. हवेत असताना तुम्ही कशालाच ढकलू शकत नाही, त्यामुळे पुढे जायचा वेग वाढूही शकत नाही. लीप करणारीला जो काही वेग मिळाला तो पट्टीवरच्या त्या एका रेट्यातून, जो कायदेशीरच आहे; पाय उचलला जाणं हा बहुतेक वेळा जोरात रेटा दिल्याचा परिणाम असतो. फायदा होतो तो एवढाच की बॉल कदाचित थोडा जवळून सुटतो. तो किती? समजा ३० सेंटीमीटर जवळून सुटला. बॅटरचा वेळ ०.०१ सेकंदाने कमी झाला, म्हणजे ताशी साधारण ३ किलोमीटर जास्त वेगाने टाकल्यासारखं. अगदीच शून्य नाही, पण ज्यावरून घसा फोडावा असंही नाही. क्रो हॉपमध्ये मात्र दुसरा रेटा मिळतो, तोही अंग आधीच पुढे चाललेलं असताना, आणि वर अंतरही कमी होतं. ही खरी चोरी, माझ्या मते तरी.

आता अंपायरचं बघा. लीपमध्ये अंग समजा २ सेंटीमीटर वर उचललं गेलं, तर हवेत राहण्याचा वेळ निघतो सेकंदाचा आठवा भाग, पापणी लवायला लागतो तेवढाच. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे चार फ्रेममध्ये संपतं. होम प्लेटमागच्या अंपायरला हे समोरून दिसतं, आणि समोरून बघताना पाय पुढे येतोय एवढं कळतं, पण जमिनीला टेकलाय की दोन बोटं वर आहे हे ओळखणं महाकठीण, शिवाय त्याचा खरा जॉब बॉल (बॅटरच्या टप्प्याबाहेर गेलेला पिच, क्रिकेटमधल्या वाइडसारखा) आणि स्ट्राइक (टप्प्यात आलेला) सांगणं आहे, त्यामुळे नजर आधीच हातावर गेलेली. बाजूने नीट दिसतं ते बेसवरच्या (रन काढायला होम प्लेटवर परत येण्याआधी क्रमाने गाठायच्या तीन जागा म्हणजे बेस) अंपायरला, पण तिथे अजून गंमत आहे, फास्टपिचमध्ये बॉल हातातून सुटायच्या आत रनरने, म्हणजे बेसवर पोचलेल्या बॅटिंग टीमच्या खेळाडूने, बेस सोडला तर रनर आउट, म्हणजे त्याच क्षणी त्या माणसाने रनरचा पाय बघायचा, पिचरचा हात बघायचा आणि पिचरचा मागचा पायही बघायचा, तेही एका जोडी डोळ्यांनी. डोळा एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारतो तेव्हा मध्ये मेंदू चित्र दाबून टाकतो, आपल्याला ते जाणवतही नाही. नेमका पाय तेव्हाच हवेत असला तर काय करणार तो बिचारा.

त्यात पट्टीसमोरची जमीन. काही इनिंगमध्ये तिथे घासून घासून खड्डा पडतो, आणि पाय सरळ रेषेत सरकला तरी खड्ड्यावरून जाताना तो आपोआप अधांतरी होतो. म्हणजे पिचरने काहीही वेगळं न करता पहिल्या इनिंगमध्ये लीगल असलेला पिच पाचव्यात इल्लीगल! म्हणून कितीतरी अंपायर बुटाचा पुढचा भाग बघायचे, अंगठा जमिनीकडे वळलेला असला की घासतोय असं धरून चालायचे. तळवा मागे दिसतोय का पुढे वळून सपाट झालाय, हे लांबूनही कळतं.

शिक्षेचाही परिणाम होतोच. इल्लीगल पिच दिसला की अंपायर डावा हात आडवा ताणून मूठ दाखवतो, खेळ मात्र चालू राहतो. बॅटरने तो बॉल मारला, ती पहिल्या बेसवर पोचली आणि बाकीचे रनरही किमान एक बेस पुढे गेले तर विषय संपला, नाहीतर बॅटिंग करणाऱ्या टीमच्या कोचला विचारतात, जे झालं ते ठेवायचं का शिक्षा घ्यायची. जुनी शिक्षा अशी की बॅटरला एक बॉल मोजायचा आणि वर प्रत्येक रनरला एक बेस फुकट. तिसऱ्या बेसवर रनर असेल तर दोन सेंटीमीटरच्या पायासाठी थेट रन! शेवटच्या इनिंगला बरोबरीचा स्कोअर असताना कोण मूठ वर काढणार? शिक्षा एवढी जड असली की लोक ती द्यायलाच कचरतात, मग एका मैदानावर सगळं चालतं आणि दुसऱ्यावर तीच मुलगी सलग तीन वेळा पकडली जाते. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या नियमावल्यांमधून हा फुकटचा बेस काढायला सुरुवात झाली, फक्त बॅटरला बॉल, आणि मला हा बदल सगळ्यात शहाणपणाचा वाटतो कारण त्याने अंपायरचा हात मोकळा होतो.

पुरुषांच्या खेळात लीप बऱ्याच आधीपासून चालत आलाय, बायकांनाच तो इतकी वर्षं बंद का होता याचं पटेल असं उत्तर मला कुठे मिळालं नाही. अमेरिकेतल्या हायस्कूल सॉफ्टबॉलमध्ये २०२४ च्या सीझनपासून दोन्ही पाय हवेत गेले तरी चालतं, अट एकच, पाय पुन्हा रोवून दुसरा रेटा द्यायचा नाही. क्रिकेटमध्ये कोपराला १५ अंशांची सूट दिली तेव्हा असाच वाद झाला होता, पण साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीवर नियम चालवायचा तरी कसा?

बाकीचे इल्लीगल प्रकार त्यामानाने सोपे आहेत. दोन्ही हात एकत्र आणून न थांबताच टाकणं, हात दीड चकरेपेक्षा जास्त फिरवणं, पट्टीच्या रुंदीबाहेर पाऊल टाकणं, हे कुणालाही दिसतं आणि त्यावर भांडण फारसं होत नाही.

क्रो हॉप ओळखायचा प्रश्न मात्र अजून उरलाच आहे, कारण लीप मोकळा झाल्यावर पाय हवेत दिसणं हा पुरावाच राहिला नाही. आता बघावं लागतं ते हे की बॉल सुटायच्या आधी मागचा पाय कुठे टेकला आणि टेकल्यावर गुडघा वाकून परत सरळ झाला का. नुसता टेकून मागे ओढला गेला तर तो घासणंच. गुडघा वाकला, टाच खाली बसली आणि कंबर तिथून पुन्हा पुढे सुटली, तर तो दुसरा रेटा. मोबाईलवर २४० फ्रेमने बाजूने शूट केलं तर हे स्वच्छ दिसतं, आणि कॅमेरा नसेल तर पिच झाल्यावर मातीकडे बघा: पट्टीपासून निघालेली एक सलग रेघ असेल तर घासणं, रेघ मध्येच तुटून पुढे नुसती फिकट सुरू झाली असेल तर लीप, आणि तुटून पुढे स्पाइक्सचा खोल, मागच्या बाजूला माती उडालेला ठसा असेल तर कोच बरोबर ओरडत होता.