पेटी उशिरा यायची

2016 च्या उन्हाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या टॉकीजला रात्री 12 चा आणि पहाटे 3 चा खेळ लावावा लागला. ‘सैराट’ 29 एप्रिलला लागला होता आणि दिवसाचे खेळ पुरत नव्हते. रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातलं छोटं नगरपालिकेचं गाव. अशा गावांतल्या टॉकीजचा धंदा आता बसला, सिनेमाला माणूसच येत नाही, असं त्याआधी कित्येक वर्षं सगळे म्हणत होते. मग पहाटे तीनला जागं राहून आलेली ही माणसं इतके दिवस कुठे होती?

मला याचं उत्तर पेटीत सापडतं. पेटी म्हणजे रिळं ठेवायचा पत्र्याचा डबा. आमच्या गावी ती एसटीच्या टपावरून उतरायची आणि आम्ही पोरं तिच्यावर रंगवलेलं सिनेमाचं नाव वाचायला स्टँडवर थांबायचो.

गावाकडे सिनेमा आला तोच मुळी फिरत फिरत. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यानंतर दादासाहेब फाळके यंत्रसामग्री बैलगाडीत घालून गावोगावी खेळ करत. पुढे जत्रेच्या माळावर तंबू लागू लागले. पुण्यात 1915 मध्ये ‘आर्यन’ उभं राहिलं. तालुक्याच्या गावांना मात्र पक्की टॉकीज मिळायला बोलपट रुळावा लागला; कितीतरी ठिकाणी ती स्वातंत्र्यानंतरच आली. मालक बहुधा गावातलाच कुणी अडत्या, गिरणीवाला नाहीतर बागायतदार. वर पत्रे, पडद्याजवळ बाकं, मागे खुर्च्या, पैसा असला तर बाल्कनी. खेळाआधी भोंग्यावर रेकॉर्डी वाजत. त्या थांबल्या की जेवण अर्धवट टाकून माणसं टॉकीजकडे पळत.

आता पेटीतला ऐवज बघा. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 चित्रं या वेगाने पळते. 1000 फूट फिल्म 11 मिनिटांत संपते. म्हणजे तीन तासांचा सिनेमा उलगडला तर जवळजवळ 5 किलोमीटर भरेल. अशी एक प्रिंट काढायला अलीकडच्या काळात 50 हजारांच्या वर खर्च यायचा, त्यामुळे वितरक मोजक्याच प्रिंटा काढत. त्या आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि सगळ्यात शेवटी तंबूत. आमच्यापर्यंत येईतो महिने गेलेले असत. फिल्मच्या कडेची भोकं फाटलेली, तुटलेले तुकडे जोडताना एखादं गाणंच गेलेलं, आणि ओरखडे इतके की पडद्यावर सारखा पाऊस पडतोय असं वाटायचं. कधी शेजारच्या दोन गावांत एकच प्रिंट चाले. तिकडचं रीळ संपलं की माणूस सायकलवर घालून इकडे आणी. त्याला उशीर झाला की मध्यंतर लांबे, आणि शिट्ट्या ऑपरेटरला खाव्या लागत.

तरी लोक वाट बघत, कारण दुसरा मार्गच नव्हता. तो 1980 च्या दशकात निघाला. व्हिडिओ आला, गल्लीत भाड्याने कॅसेट मिळू लागली, आणि प्रिंट यायला महिने लागणारा सिनेमा चोरून काढलेल्या कॅसेटवर आठवड्यात बघायला मिळू लागला. नव्वदीत केबलवाल्याने तो थेट घरात आणून सोडला. लोकांना सिनेमा नकोसा झाला, असं या काळाबद्दल बोललं जातं ते मला पटत नाही. सिनेमा त्यांना हवाच होता. टॉकीजमध्ये तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात फाटका मिळत होता. गल्ला आटला तशी खुर्च्यांची डागडुजी थांबली, घरच्या बायकामाणसांनी येणं सोडलं, आणि कित्येक टॉकीजची मंगल कार्यालयं नाहीतर गोदामं झाली.

2005 च्या सुमारास ‘यूएफओ मूव्हीज’सारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून सिनेमा थेट टॉकीजमध्ये उतरवायला सुरुवात केली. छपरावर डिश आणि केबिनमध्ये सर्व्हर असला की पेटीची गरज उरली नाही. पुढच्या आठ-दहा वर्षांत रिळं जवळपास बंदच पडली. यातून सगळ्या टॉकीज तगल्या असं मी म्हणणार नाही. यंत्राचा खर्च, दर खेळामागे द्यावे लागणारे पैसे, गळके पत्रे, यांतच अनेक मालकांनी हात टेकले. पण जे टिकले त्यांच्याकडे पहिल्यांदाच मुंबईच्याच शुक्रवारी सिनेमा येऊ लागला. ‘सैराट’ एकाच दिवशी राज्यभर चारशेहून अधिक ठिकाणी लागू शकला तो यामुळे. करमाळ्याकडची भाषा, उसाची शेतं, विहिरी पडद्यावर होत्याच. आणि रहिमतपूरकरांना ते सगळं पुण्याच्या बरोबरीने बघायला मिळालं.

मग करोना आला. मार्च 2020 मध्ये टॉकीज बंद झाल्या, नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडल्या, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि 22 ऑक्टोबर 2021 ला परत सुरू. उघडताना काही मालकांनी हजार खुर्च्यांचा एक हॉल मोडून दोन छोटे पडदे केले, खुर्च्या बदलल्या आणि मुख्य म्हणजे बायकांची स्वच्छतागृहं नीट केली. करानेही थोडा हात दिला. जीएसटी आला तेव्हा 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 18 टक्के होता, 2019 मध्ये तो 12 वर आला आणि सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. छोट्या गावातलं तिकीट बहुतेक वेळा याच गटात बसतं.

सिनेमा आता वेळेवर येतो. मराठी सिनेमाला मात्र पुष्कळदा दुपारी 12 चा खेळ मिळतो आणि सहाचा मोठ्या हिंदी सिनेमाला जातो. शेतातला, दुकानातला माणूस मोकळा होतो तो सहालाच.