दोन हजार वॉटचं खोकं आणि दहा बाय बाराची खोली

कोल्हापुरात ‘डॉल्बी’ म्हटलं की डोळ्यांसमोर उभी राहते ती विसर्जन मिरवणुकीतली, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. छातीत धडधडतं, खिडक्यांची तावदानं थरथरतात. गंमत म्हणजे रे डॉल्बी या अमेरिकन इंजिनिअरनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची खरखर कमी करायला. नाव त्याचं, करामत आमची.

हाच संस्कार डोक्यात घेऊन माझा भाचा पहिल्या पगारातून गाणी ऐकायचा सेट घ्यायला निघाला. बजेट वीस हजार. “मामा, एवढ्यात दोन हजार वॉटचा सेट येतोय की!” मी म्हटलं, खोकं उलटं कर आणि मागचं लेबल वाच. तिथं बारीक अक्षरात होतं, ६० वॉट. म्हणजे यंत्र प्लगमधून घेणार साठ आणि बाहेर देणार दोन हजार! असं जमलं असतं तर महावितरणला टाळंच लावावं लागलं असतं. खोक्यावरचा तो आकडा ‘पीएमपीओ’ नावाचा, कुणी कसाही काढावा असा. बघायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे यंत्र सलग किती वॉट देऊ शकतं ते.

आता किती वॉट लागतात? स्पीकरच्या माहितीत एक आकडा हमखास छापलेला असतो, ‘सेन्सिटिव्हिटी’. ८६ डेसिबल लिहिलं असेल तर एक वॉट दिल्यावर एक मीटरवर तेवढा आवाज येतो. दोन मीटरवर बसलात तर थोडा उतरतो, पण दुसरा स्पीकर आणि भिंती मिळून बराचसा भरून काढतात. घरात आपण निवांत ऐकतो ते साधारण ७५ डेसिबलला. ८६पेक्षा दहा-अकरा डेसिबल कमी, आणि दहा डेसिबल कमी म्हणजे ताकद दहावा भाग. म्हणजे लागतो वॉटचा दहावा भाग! तबल्याची थाप एकदम येते तेव्हा क्षणभर शंभरपट ताकद लागली, तरी हिशोब दहा वॉटवर थांबतो. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला दहापट वॉट लागतात. तेव्हा वीस-तीस वॉटचा खराखुरा अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारं यंत्र, दहा बाय बाराच्या खोलीला पुरून उरतो. ‘क्लास डी’ जातीचे छोटे अँप्लिफायर वीज वाया घालवत नाहीत, फारसे तापत नाहीत. सहा हजारांत विषय संपवावा.

खरे पैसे जावेत स्पीकरवर. वीसपैकी बारा हजार तरी. कारण बाकी सगळी साखळी विजेची आहे आणि वीज आज्ञाधारक असते. स्पीकरला मात्र कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा हलवून हवा ढकलायची असते. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हेलकावा घ्यावा लागतो. तीन इंची वूफरची, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या पडद्याची, दमछाक होते ती इथं.

ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक होते, तिथं स्पीकरची परीक्षा तंबोऱ्यावर घ्यायला हरकत नसावी. काळी एक पट्टीतला षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, ६९ हर्ट्झ. मोबाइलचा इवलासा स्पीकर हा सूर काढूच शकत नाही. तरी मोबाइलवर खर्ज ऐकू येतो! कारण त्या तारेचे वरचे स्वर, १३९, २०८, २७७ असे ६९च्या अंतरानं येतात, आणि त्या अंतरावरून मेंदू मूळ सूर स्वतःच भरून घेतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मात्र ही उधारी चालत नाही. छातीला जाणवायला हवा खरीच हलावी लागते. पाच इंची वूफर हे काम बऱ्यापैकी करतो.

वायरवर फार बोलण्यासारखं नाही. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन विरोध भरतो सुमारे ०.१२ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरला नमस्कार करून पुढं जावं. गाणं मोबाइलमधून तारेनं घ्या की ब्लूटूथनं, पहिल्या सेटला फार बिघडत नाही.

जुना माल घेणार असाल तर माझी फजिती ऐका. दहा-बारा वर्षांपूर्वी मी हौसेनं जुने मोठे स्पीकर आणले. जाळी न काढता. घरी आल्यावर जाळी काढली, पडद्याभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लावलं, तर तो शिळ्या खापरपोळीसारखा हातात आला. फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत कुजतो, रबराची कड पुष्कळ टिकते. आधी जाळी काढायची, मग पैसे.

आणि खोली. हिला कुणी खरेदीत धरत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झची लाट बरोबर अडकून राहते. भाच्याला टोन जनरेटरचं अ‍ॅप उतरवून ५६चा सूर लावायला सांगितला आणि खोलीभर फिरवला. भिंतीपाशी घुमला, खोलीच्या मधोमध जवळपास गायब. खुर्ची नेमकी तिथंच होती! ती मागं सरकवली, कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर दीड फूट पुढं ओढले. दोन स्पीकर आणि डोकं मिळून सहा-सहा फुटांचा त्रिकोण, ट्विटर, म्हणजे वरचे बारीक सूर काढणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला. मग टाळी वाजवून बघितली. उघड्या गिलाव्यामधून तर्रर्र असा पडसाद आला, म्हणून बाजूच्या भिंतीवर ताईची वाकळ टांगली. तर्रर्र गेलं. खर्जाला मात्र वाकळ काही करत नाही. सहा मीटर लांबीच्या लाटेला दोन इंच कापड म्हणजे काहीच नाही.

रात्री भाच्याचा फोन. “मामा, बासच न्हाई. सबवूफर घ्यावा लागतोय बघा.” गायिका समोर बसलेली वाटण्याऐवजी दोन्हीकडं विखुरल्यासारखी वाटते, असंही म्हणाला. तेव्हाच लक्षात आलं. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली होती. एक पडदा हवा पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. खर्जाच्या लांब लाटा एकमेकींना पुसून टाकत होत्या. फोन चालू ठेवूनच त्यानं तार बदलली. मला पहिल्यांदा ऐकू आला डग्गा, आणि मागोमाग मांडणीवरचं स्टीलचं ताट.