प्रेक्षकसहभागी अग्निशिल्प

प्रेक्षकसहभागी अग्निशिल्प : ज्या शिल्पातला जाळ बघणाऱ्याच्याच हातून उठतो, असा कलाप्रकार. कुणी बटण दाबतं, कुणी दोर ओढतो, कुणी पायपट्टीवर नाचतो आणि डोक्यावर दोन-तीन मजले उंच भडका उडतो. आतषबाजी बघायची असते, होळीभोवती फिरायचं असतं. इथे मात्र आगीची कळच अनोळखी माणसाच्या हाती दिलेली असते. ती दिल्यासारखी वाटावी, पण खरा ताबा कधीच सुटू नये, यातच या कलाप्रकाराच्या सुरक्षिततेचं सगळं तंत्र आहे.

हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतल्या ‘बर्निंग मॅन’ महोत्सवात वाढला. १९८६ साली लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुमारे अडीच मीटर उंचीचा लाकडी पुतळा जाळला. त्यातून पुढे हा महोत्सव उभा राहिला. १९९० पासून तो नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात भरतो. हे वाळवंट म्हणजे एका प्राचीन सरोवराचा आटलेला, टेबलासारखा सपाट तळ. गवत नाही, झाड नाही. आगीला धरायला आजूबाजूला काही नाही, म्हणूनच हे सगळं तिथे खपून जातं. तीच रचना गवताळ मैदानात किंवा मांडवाजवळ नेली, तर हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. बंदिस्त जागेचा तर विचारच वेगळा. फेब्रुवारी २००३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबात रंगमंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० माणसं गेली.

दोन शिल्पांवरून या प्रकाराचा आवाका कळतो. ‘फ्लेमिंग लोटस गर्ल्स’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने, ज्यात बहुसंख्य स्त्रिया आहेत, २००६ मध्ये ‘सर्पंट मदर’ उभारली : अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेल्या नागिणीचा १६८ फूट लांबीचा धातूचा सांगाडा. तिच्या मणक्या-मणक्यांतून ज्वाळा निघत आणि काही बटणं प्रेक्षकांसाठी ठेवलेली असत. दुसरं शिल्प २००५ चं ‘डान्स डान्स इमोलेशन’. पायपट्टीवरच्या नाचाच्या व्हिडिओ गेमवर ते बेतलेलं होतं. पाऊल चुकलं की खेळाडूच्या अंगावर ज्वाळा सोडली जाई. खेळाडूला आधी अग्निशामक दलात वापरतात तसा चंदेरी उष्णतारोधक पोशाख चढवत आणि श्वासाला बाहेरून हवा पुरवत. वेडेपणा खराच, पण हिशेबातला.

इंधन बहुतेक ठिकाणी प्रोपेन असतं. ते उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यामुळे सिलिंडरातलं द्रव आपणच वायू होऊन बाहेर यायला बघतं, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे २७० लिटर वायू होतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने गळाला की वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात, चबुतऱ्याखाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असलं की ठिणगी पुरते. मुळात त्याला वास नसतो. आपल्या घरच्या गॅससारखाच त्यात मर्कॅप्टन मिसळून वास आणलेला असतो. मात्र घरच्या अनुभवावर इथे विसंबू नये. स्वयंपाकघरातला रेग्युलेटर गॅसचा दाब सुमारे ३० मिलिबारपर्यंत उतरवतो. सिलिंडरातल्या प्रोपेनचा दाब २१ अंशांना वातावरणाच्या साडेआठपट आणि ३८ अंशांना सुमारे तेरापट असतो, आणि भडक्याच्या शिल्पात यातला बराचसा दाब तसाच वापरतात. शेगडीची नळी इथे कामाची नाही.

भडका उडवणाऱ्या यंत्राला बर्निंग मॅनचे लोक ‘पूफर’ म्हणतात. सिलिंडरातून वायू आधी एका छोट्या टाकीत भरून ठेवतात. टाकीच्या तोंडाशी विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो, आणि वर तोटीजवळ एक लहानशी ज्योत, म्हणजे पायलट, सतत जळत असते. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतला वायू एका दमात सुटतो आणि पायलटवर पेटून गोळा वर जातो. व्हॉल्व्ह अशा जातीचा हवा की वीज गेली तर तो आपोआप मिटेल, उघडा राहणार नाही. वाऱ्याने पायलट विझला आणि कुणी बटण दाबलंच, तर न जळलेला वायू पसरतो आणि क्षणभराने भलत्याच जागी, भलत्याच आकारात पेटतो. म्हणून चांगल्या रचनेत पायलटजवळ तापमान ओळखणारा सेन्सर बसवतात. ज्योत नसेल तर बटण मुकं. टाकीत जेवढा वायू साठलेला, तेवढाच भडका उडतो, हाही या रचनेचा फायदा. द्रव प्रोपेन थेट सोडणारी यंत्रं याहून फार मोठा जाळ काढतात, पण त्यांतून पेटते थेंब खाली येऊ शकतात. त्यांच्यासाठी नियम आणखी कडक असावे लागतात.

प्रेक्षकाच्या हाती असलेलं बटण म्हणजे नुसता अर्ज. तो मंजूर करणारा चालक बाजूला उभा असतो, आणि त्याच्या मुठीत दाबून धरायची दुसरी कळ असते. ती दाबलेली असेपर्यंतच प्रेक्षकाचं बटण चालतं. चालक पडला, तरी मूठ सुटते आणि सगळं थांबतं. या चालकाने बघायचं असतं ते माणसांकडे, ज्वाळेकडे नाही, आणि नवख्याला नेमकं हेच जमत नाही. कोण कुंपण ओलांडतंय, कुणाच्या खांद्यावर पोर बसलंय, कुणाची पिसांची टोपी वाऱ्याने तोटीकडे उडतेय, हे त्याने टिपायचं. चालकाने दारू घेतलेली चालत नाही आणि पेटतं शिल्प सोडून कुणी जायचं नाही. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

बर्निंग मॅन महोत्सवात अग्निकलेच्या तपासणीसाठी ‘फायर आर्ट सेफ्टी टीम’ नावाचं वेगळं पथक आहे. त्यांनी पाहून होकार दिल्याशिवाय शिल्प पेटवायचं नाही. प्रेक्षकांसमोर ज्वाळा वापरण्याबद्दलचं एनएफपीए (अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी संस्था) १६० हे मानकही अमेरिकेत आहे. कागदापेक्षा तपासणीतला खरा भाग हाताचा. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं आणि वाट बघायची. गळती मोठी असेल तर फेस लगेच उठतो. बारीक असेल तर जोडाच्या कडेला मोहरीएवढा एकच बुडबुडा दिसतो, हळूहळू फुगतो, फुटतो, आणि त्याच जागी पुन्हा येतो. जोड पान्याने आवळून पुन्हा साबण. त्या वाळवंटातली पिठासारखी धूळ सगळीकडे शिरते, म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही.

वाऱ्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. तिथे वाऱ्याचे झोत अचानक येतात आणि धुळीने हातभर अंतरावरचंही दिसेनासं होतं. सरळ उठणारी ज्वाळा आडवी पडली की कुंपणाचं अंतर अपुरं ठरतं. अशा वेळी खेळ थांबवायचा, मग रांग कितीही लांब असो. थंडीचाही त्रास असतो. लागोपाठ भडके उडवले की सिलिंडर स्वतः गारठतो, अंगावर हिव धरतं, दाब पडतो. त्यावर उपाय म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडणं किंवा ते कोमट पाण्यात ठेवणं. ज्वाळेने सिलिंडर तापवण्याचा विचारही करायचा नाही.

कितीही तयारी केली तरी माणूस आगीकडे ओढला जातोच. २ सप्टेंबर २०१७ च्या रात्री बर्निंग मॅनचा मध्यवर्ती पुतळा जळत असताना एक माणूस रक्षकांची साखळी चुकवून आगीत धावला आणि पुढे रुग्णालयात दगावला. मोठ्या जाळाभोवती ‘ब्लॅक रॉक रेंजर्स’ या १९९२ पासूनच्या स्वयंसेवक दलाची माणसं आगीला पाठ करून गर्दीकडे तोंड करून बसतात, ती अशांसाठीच.

आग लागलीच तर शिकलेला हात आधी विझवण्याच्या सिलिंडरकडे नाही, गॅसच्या कॉककडे जातो. जळता वायू नुसता विझवला आणि गळती चालूच राहिली, तर तो साचून पुन्हा पेटतो, आणि तो स्फोट असतो. म्हणून पाव फेऱ्यात बंद होणारा, ठळक रंगवलेला कॉक शिल्पापासून दूर, सहज हाती येईल असा बसवतात. तो कुठे आहे हे गटातल्या प्रत्येकाला अंधारातही ठाऊक हवं.

रात्रीचा खेळ आटोपतानाही क्रम ठरलेला असतो. आधी सिलिंडरचे कॉक बंद. मग नळ्यांत आणि टाकीत उरलेला वायू बटण दाबून जाळून टाकायचा. दोन-तीन भडके चांगले उडतात, मग एक बुटका, मग नुसता निळसर फुसका. त्यानंतर पायलट विझवायचा, वीज तोडायची. लोखंड मात्र बराच वेळ तापलेलं राहतं आणि अंधारात ते ओळखू येत नाही, म्हणून एक माणूस पाण्याची बाटली घेऊन तिथेच बसून राहतो.